सहाशे चाळीस

मी एका जिल्ह्याच्या आरोग्य विभागात सांख्यिकी सहायक म्हणून काम करते. तालुक्यांकडून आलेल्या जन्मनोंदींवरून दरवर्षी गावनिहाय लिंग गुणोत्तर, म्हणजे दर हजार मुलग्यांमागे जन्मलेल्या मुलींची संख्या, काढायचे, गावे चढत्या क्रमाने लावायची, मग पहिल्या वीस गावांच्या आरोग्यसेविकांना कारणे दाखवा नोटीस आणि शेवटच्या वीस गावांना शाल-श्रीफळ, अशी पद्धत आमच्याकडे पडून गेली होती. त्या वर्षीची यादी मीच केली होती आणि तिच्यात चौथ्या क्रमांकावर असलेल्या गावाचा आकडा होता ६४०.

त्या गावाच्या आरोग्यसेविका दोन एसट्या बदलून कार्यालयात आल्या. त्यांनी पिशवीतून आधी नोटीस काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि तिच्याशेजारी आदल्या वर्षीचे सन्मानपत्र ठेवले. गाव तेच होते आणि दोन्ही कागदांखाली सहीही एकाच अधिकाऱ्याची होती. सन्मानपत्रावर आकडा होता १,३७५. "मॅडम, गेल्या वर्षी मी चांगली होते आणि यंदा वाईट झाले, तर मधल्या वर्षात मी काय केलं तेवढं सांगा," एवढेच त्या म्हणाल्या. मला उत्तर देता आले नाही, म्हणून मी मूळ नोंदी उघडल्या.

यंदा त्या गावात ४१ जन्म झाले होते, २५ मुलगे आणि १६ मुली. आदल्या वर्षी ३८ जन्मांत १६ मुलगे आणि २२ मुली होत्या. हजारांमागे किती असे लिहिले की ही चिमूटभर माणसे नजरेआड होतात. एका प्रसूतीत मुलाऐवजी मुलगी झाली असती तर ६४० चे ७०८ झाले असते आणि ते गाव कदाचित यादीतून बाहेर पडले असते. दोन्ही वर्षांची बेरीज केली, तर ४१ मुलगे आणि ३८ मुली, म्हणजे गुणोत्तर ९२७ येत होते. निसर्गतः १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे अपेक्षित गुणोत्तर ९५२ च्या आसपास असते. ७९ जन्मांत त्या हिशेबाने साडेअडतीस मुली यायला हव्या होत्या, आणि आल्या होत्या अडतीस.

पुढचे गणित महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शिकवतात तेवढेच होते, आणि इतकी वर्षे ते मी या यादीला का लावले नाही याची मला त्या दुपारी लाज वाटली. ४१ जन्मांत अपेक्षित मुली २०. प्रमाण विचलन, म्हणजे निव्वळ योगायोगाने आकडा अपेक्षेपेक्षा साधारण किती वरखाली होतो ते माप, जन्मसंख्येच्या वर्गमुळाच्या जवळपास निम्मे, म्हणजे ३.२. सोळा किंवा त्याहून कमी मुली निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता सातांत एक इतकी निघते. एवढ्या आकाराची सव्वाशे गावे घेतली, तर कोणीही काहीही गैर न करता त्यांतली सतरा-अठरा गावे दरवर्षी इतकी खाली जाणारच, आणि जवळपास तेवढीच वरही. मी यादी पुन्हा पाहिली. नोटिशीची वीस आणि सत्काराची वीस, अशा चाळीस गावांत पन्नासपेक्षा जास्त जन्मांचे एकही गाव नव्हते. मोठी गावे सगळी मधे, कोणाच्या डोळ्यांवर न येता बसली होती. जॉन आर्बथनॉट या स्कॉटिश डॉक्टरने १७१० सालापर्यंतच्या सलग ८२ वर्षांच्या लंडनमधील बाप्तिस्म्यांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा प्रत्येक वर्षी मुलगेच थोडे अधिक निघाले होते. तिथे वर्षाला हजारो जन्म होते म्हणून ते बारीक अंतर टिकून दिसले. आमच्या गावांत ते दिसणे शक्यच नव्हते.

त्यात आणखी एक गुंता होता, तो त्या आरोग्यसेविका बाईंनी दाखवला. पहिले बाळंतपण माहेरी होते. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते. त्यामुळे त्या ४१ मध्ये नऊ बाळे माहेरवाशिणींची होती आणि गावच्या काही सुनांची बाळे दुसऱ्याच तालुक्याच्या खात्यावर गेली होती.

आढावा सभेत मी हे मांडले तेव्हा साहेबांनी विचारले, "म्हणजे आपल्याकडे प्रश्नच नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?" प्रश्न रास्त होता. २००१ च्या जनगणनेत राज्यातले शून्य ते सहा वयोगटातील मुलांचे गुणोत्तर ९१३ होते, ते २०११ मध्ये ८९४ झाले; लाखो मुलांवर काढलेला असा आकडा योगायोगाने घसरत नाही. पण मोठ्या आकड्यात दिसणारा गुन्हा छोट्या गावाच्या माथी मारता येत नाही, आणि छोटे गाव निर्दोष आहे असेही त्यावरून सिद्ध होत नाही, हे मला नीट सांगता आले की नाही कोण जाणे. नोटिसा मात्र मागे घेतल्या गेल्या. शाली कोणी परत मागितल्या नाहीत.

सभा संपल्यावर बाई थांबल्या होत्या. "गावं जोडून बघू नका मॅडम, बायका जोडून बघा. जिला पहिली मुलगी आहे तिचं दुसरं बाळंतपण तेवढं वेगळं काढा," त्या म्हणाल्या. हयात मुलगे-मुलींची संख्या माता-बाल नोंदवहीत असतेच. त्यांच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सगळ्या उपकेंद्रांच्या पाच वर्षांच्या वह्या आम्ही दोघींनी पुढच्या चार दिवसांत वाचून काढल्या. पहिल्या खेपेच्या बाळंतपणांत गुणोत्तर ९५२ च्या आगेमागेच होते. पहिली मुलगी असलेल्या मातांची दुसरी बाळंतपणे ४१२ निघाली: २४९ मुलगे, १६३ मुली. गुणोत्तर ६५५.

जवळपास तोच आकडा, ज्यावरून बाईंना नोटीस गेली होती. पण इथे अपेक्षित मुली २०१ होत्या आणि प्रमाण विचलन दहा. अडतीस मुली कमी पडत होत्या, आणि असे आपोआप घडण्याची शक्यता दहा हजारांत एक इतकीच होती. बाईंनी तो आकडा स्वतःच्या हाताने दोनदा भागून पाहिला. आम्ही कोणत्याही मातेचे नाव न घालता तो तक्ता समुचित प्राधिकाऱ्यांकडे, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदी कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, पाठवला आणि त्या भागातल्या सोनोग्राफी केंद्रांचे पाच वर्षांचे एफ फॉर्म, म्हणजे गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी भरायचे अर्ज, तपासावेत, असे सोबतच्या पत्रात लिहिले. तक्त्याखाली 'संकलन' म्हणून माझ्या नावाआधी बाईंचे नाव टाकले.