लाल टोपीवाला पोरगा कोणाला हाक मारतोय?

नवे बूट घालून दिवसभर हिंडू नये, हे आई मला लहानपणापासून सांगत आली आहे. तरी लंडनच्या नॅशनल गॅलरीत मी गेले ती कोऱ्या बुटांतच. व्हॅन गॉखची सूर्यफुलं पाहायची होती. पाहिली, पण बरीचशी पुढच्यांच्या मोबाइलमधून. तोवर डावी टाच सोलून निघाली होती. बाक दिसला, बसले, बूट हळूच सैल केला आणि मान वर केली तर समोर फ्रेंच चित्रकार जॉर्ज स्यूराचं 'आनिएर इथले स्नान'.

केवढं मोठं चित्र! दोन मीटर उंच, तीन मीटर रुंद. पॅरिसच्या बाहेर सीन नदीचा काठ, रखरखीत दुपार, आणि काठावर निवांत पसरलेले बाप्ये आणि पोरं. मधोमध एक मुलगा पाण्यात पाय सोडून पाठीत वाकून बसलाय. त्याच्या मागे त्याचे कपडे, टोपी आणि बूट. काढून ठेवलेले बूट! माझी नजर आधी तिथेच गेली, हे कबूल करते.

पाच मिनिटं पाहिल्यावर जाणवलं की इतकी माणसं आहेत, पण कोणी कोणाशी बोलत नाही. बहुतेकांची तोंडं उजवीकडे, जणू तिकडून काहीतरी यायचंय. मागे क्लिशी या उपनगरातल्या कारखान्यांची धुराडी. धूर निघतोय, म्हणजे तिकडे काम चालूच आहे. पाण्यात एक होडी, तिच्यावर फ्रान्सचा झेंडा, आत उंच टोपीवाले साहेब आणि छत्रीवाल्या बाई. काठावरचा एकही जण तिकडे ढुंकून पाहत नाही. मला ते फार आवडलं.

स्यूरा तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचा. काठावर जाऊन त्याने लाकडाच्या छोट्या फळ्यांवर तैलरंगात कच्ची चित्रं केली, मॉडेल बसवून रेखाटनं केली, आणि मग स्टुडिओत हे उभं केलं. एवढं करून 1884 च्या सलोंने, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनाने, ते नाकारलं.

त्या मधल्या मुलाच्या अंगाची कड जवळून पाहा. जिथे अंगावर ऊन आहे तिथे लगतचं पाणी गडद, जिथे सावली आहे तिथे पाणी उजळ. पाणी काही असं वागत नाही, पण डोळा फसतो आणि मुलगा कॅनव्हासमधून सुटा होऊन पुढे येतो.

अख्ख्या चित्रात आवाज असेल तर एकच. उजव्या कोपऱ्यात कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला, लाल टोपीवाला पोरगा. दोन्ही हात तोंडाशी नेऊन तो हाक मारतोय, की शीळ घालतोय. कोणाला, ते चौकटीबाहेर राहिलं. समोरच्या बेटाचं नाव 'ग्रांद जात'. तिथली रविवारची गर्दी स्यूराने पुढच्याच चित्रात रंगवली, ते आता शिकागोत आहे. म्हणजे हाक तिकडेच असणार, असं मी आपलं ठरवून टाकलं.

लंगडत पुढे गेले. त्या टोपीवर बारीक ठिपके दिसले, नारिंगी आणि निळे. ठिपक्याठिपक्यांनी रंगवायची पद्धत गवसल्यावर स्यूराने काही वर्षांनी ते वरून टाकलेत. बाकीचं चित्र बहुतेक तसंच साध्या फटकाऱ्यांचं. टोपीला मात्र हात लावल्यावाचून त्याला राहवलं नाही.

बाकावर परत आले तर बूट पायात जाईना. शेवटी मागची बाजू दुमडून, सपातेसारखा ओढत, फटक फटक करत बाहेर पडले.