मोंटानातली शिकार आणि तीनशे डॉलरची दुर्बीण

सुट्टीला कोल्हापुरात आलो की पेठेतल्या कट्ट्यावर माझ्या नोकरीचं कुणी विचारत नाही. प्रश्न ठरलेला. "भावा, तिकडं खरंच शिकारीला जाता येतंय? आणि त्या रायफलीवरच्या दुर्बिणीतनं किती लांबचं दिसतंय?"

जाता येतं. मी अमेरिकेत मोंटाना राज्यात राहतो. इथं परवाना काढून, नियम पाळून हरणाची शिकार करणं कायदेशीर आहे. 1 जानेवारी 1985 नंतर जन्मलेल्याला त्याआधी शिकारीचा सुरक्षा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, आणि रायफल घेऊन रानात शिरायचं तर अंगावर भडक नारिंगी कापड घालावंच लागतं. मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा. रायफल आणि काडतुसांवर 11 टक्के केंद्रीय कर आहे, आणि 1937 च्या कायद्यानुसार तो पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाला जातो. आपल्याकडं 1972 च्या कायद्यानं शिकार बंद झाली ते योग्यच झालं. दाजीपूरचे गवे आहेत तसेच सुखात राहोत.

पण "किती लांबचं दिसतं" ह्या प्रश्नावर थोडं थांबायला हवं, कारण इथलेही नवखे शिकारी दुकानात जाऊन हेच विचारतात आणि पैसे वाया घालवतात.

नेमबाजी कोल्हापूरकराला नवी नाही. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला विश्वविजेती झाली. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलचं कांस्य आणलं. त्या स्पर्धेत दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचं असतं, आणि दुर्बीण लावायला परवानगीच नाही. म्हणजे नेम लागतो तो माणसाच्या अंगच्या स्थिरपणानं. फरक एवढाच की तिथं अंतर ठरलेलं असतं आणि उजेडही पुरेसा असतो. रानात ह्यातलं काहीच हातात नसतं. मोंटानात सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते, आणि हरणं झाडीबाहेर येतात ती नेमकी ह्या दोन कडांना. दुर्बिणीची किंमत मला तिथं कळते.

दुर्बिणीवर 3-9×40 असं लिहिलेलं असतं. तीन ते नऊ पट मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास 40 मिलिमीटर. ह्या 40 ला पटीनं भागलं की डोळ्याकडं येणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी मिळते. नऊ पटीवर साधारण साडेचार मिलिमीटर, सहा पटीवर साडेसहाच्या वर. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढलं की पाचाच्या आसपास. आता चोवीस पटीची 50 मिलिमीटरवाली दुर्बीण घ्या. पूर्ण पटीवर झोत उरतो दोनच मिलिमीटरचा. संध्याकाळी त्यातून हरीण मोठं दिसेल, पण काळं दिसेल. शिवाय अशा दुर्बिणीची सुरुवातच बहुधा सहा पटीपासून होते. चित्र इतकं अरुंद की झाडीतून उड्या मारत निघालेलं हरीण त्यात सापडतच नाही.

दुसरी गोष्ट भिंगांवरच्या लेपाची. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर चारेक टक्के उजेड परतून जातो. आत पाच भिंगं धरली तर दहा पृष्ठभाग, म्हणजे एक तृतीयांश उजेड वाटेतच गेला. म्हणून हे परतणं कमी करणारा अनेक थरांचा लेप सगळ्या पृष्ठभागांवर आहे का, हे आधी बघायचं. दुर्बिणीची नळी एक इंची की 30 मिलिमीटरची ह्यावर लोक तासन् तास वाद घालतात. जाड नळीमुळं उजेड वाढत नाही, नेम वरखाली करायला आत जागा जास्त मिळते. शिकारीला तेवढ्या जागेची गरज पडत नाही.

माझ्या मते दीडशे ते तीनशे डॉलरमध्ये हरणाच्या शिकारीपुरती उत्तम दुर्बीण मिळते. व्होर्टेक्सची क्रॉसफायर टू किंवा ल्यूपोल्डची व्हीएक्स-फ्रीडम, दोन्ही 3-9×40. घेण्याआधी दुकानदाराला विचारून दिवस मावळताना ती दारापर्यंत न्यावी आणि उभ्या ट्रकच्या खालचा काळोख बघावा. दुकानातल्या दिव्यांखाली सगळ्याच दुर्बिणी झकास दिसतात. डोळा आणि मागचं भिंग ह्यात साडेतीन इंचांचं तरी अंतर राहिलं पाहिजे, नाहीतर मोठ्या काडतुसाच्या धक्क्यानं भुवई फुटते.

उरलेले पैसे काडतुसांवर आणि बेस-रिंगांवर, म्हणजे दुर्बीण रायफलीवर घट्ट धरणाऱ्या पट्ट्या-कड्यांवर, घालवा. महागडी दुर्बीण आणि स्वस्तातल्या रिंगा अशी जोडी इथं फार दिसते. स्क्रू सैल झाला की सगळंच फुकट. ते टॉर्क पान्यानं, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानं, कंपनीनं सांगितलं तेवढेच आवळायचे. मग 100 यार्डांवर, म्हणजे साधारण 91 मीटरवर, तपासणी. नेम सरकवायची दुर्बिणीवरची चकती एक खटका फिरली की ती एक क्लिक. एक गोळी मारा, 20 क्लिक वर घेऊन दुसरी, 20 उजवीकडं घेऊन तिसरी, 20 खाली घेऊन चौथी, 20 डावीकडं घेऊन पाचवी. क्लिक पाव मिनिटाची असेल (हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग) तर साधारण पाच इंचांचा चौकोन उमटतो. पाचवी गोळी पहिलीच्या शेजारी बसली नाही, तर ती दुर्बीण परत करा.

लांबचं मारायचा मोह मला बरा वाटत नाही. हरणाच्या छातीतली जागा आठ-दहा इंचांची. .308 सारख्या काडतुसाच्या रायफलीचा नेम 200 यार्डांवर अचूक बसेल असा लावला तर 250 यार्डांपर्यंत गोळी नेमापासून तीन-चार इंचांहून जास्त वरखाली होत नाही. तेवढ्यात सहा पट भरपूर होते. त्यापलीकडं मी ट्रिगरला बोट लावत नाही, कारण जखमी होऊन पळालेलं जनावर रात्रभर तडफडतं आणि ते पाप दुर्बिणीच्या माथी मारता येत नाही.

एवढं सांगितलं की कट्ट्यावरचा पुढचा प्रश्न येतो, मटणाचा. हरणाचं मांस तांबूस, जवळजवळ बिनचरबीचं. घरून नेलेल्या कांदा-लसूण मसाल्यात झकास होतं, फक्त तेल जरा सढळ हातानं घालावं लागतं.