नदीचा नगरसेवक कोण?

न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनजवळ लोअर हटला घर घेतलं आणि पहिल्यांदा घरपट्टी आली, म्हणजे इथले रेट्स, तेव्हा बिलात दोन मालक दिसले. एक हट सिटी कौन्सिल आणि दुसरी ग्रेटर वेलिंग्टन रिजनल कौन्सिल. पहिलीचं कोडं नव्हतं, कचरा, गल्लीतले रस्ते, लायब्ररी, स्विमिंग पूल, आपल्या महापालिकेसारखंच सगळं. पण ही दुसरी कशाचे पैसे घेते? ऑफिसात विचारलं तर इथेच जन्मलेली माणसंसुद्धा "बसेस… आणि नद्या वगैरे" एवढं बोलून थांबली. त्यातलं 'वगैरे' भलतंच मोठं निघालं.

न्यूझीलंडमध्ये १९८९ साली स्थानिक कारभाराची मोठी साफसफाई झाली. त्याआधी बरो, काउंटी, हार्बर बोर्ड, कॅचमेंट बोर्ड, अशा साडेआठशेच्या आसपास संस्था होत्या, त्यांच्या ८६ करून टाकल्या. त्यातून या रिजनल कौन्सिल आल्या, आज त्या ११ आहेत (ऑकलंड, नेल्सन, गिझबर्न वगैरे ठिकाणी दोन्ही कामं एकच कौन्सिल करते). मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे हद्द आखायची पद्धत. आपल्याकडे जिल्ह्याची हद्द महसुलाच्या हिशोबाने, इथे रिजनची हद्द बरीचशी पाणलोटाने ठरवली, डोंगराच्या ज्या बाजूला पाऊस पडून ज्या नदीत जातो त्या बाजूची कौन्सिल. त्यामुळे टौपो नावाचा एकच जिल्हा चार रिजनमध्ये विभागला गेलाय. कागदावर हे येड्यासारखं दिसतं, पण पाण्याला कुठे माहीत असतं तालुका कुठला ते.

आता 'वगैरे'मध्ये काय काय येतं बघा. नदीतून कोण किती पाणी उपसणार आणि नदीत काय सोडणार याची परवानगी, हवा, माती, किनारा, बंदरातल्या बोटींचे नियम, पूरनियंत्रण, पॉसम नावाचा झाडं खाणारा ऑस्ट्रेलियन प्राणी मारणं, मोठी रिजनल पार्क्स, आणि शिवाय बस, ट्रेन, फेरी. एकाच ऑफिसात उंदीर मारणारे आणि बसचं टाइमटेबल लावणारे!

ट्रेनची गंमत तर ऐकाच. आमच्या लाइनवर मातांगी गाड्या धावतात, कोरियात बनलेल्या, त्या मालकीच्या रिजनल कौन्सिलच्या. रूळ आणि सिग्नल किवीरेल या सरकारी रेल्वे कंपनीचे. चालवते ट्रान्सडेव्ह ही कॉन्ट्रॅक्टर कंपनी. त्यामुळे गाडी लेट झाली की प्लॅटफॉर्मवर उभ्या माणसाने नक्की कोणाच्या नावाने बोटं मोडायची हे अर्धा तास विचार करून ठरवावं लागतं, तोवर गाडी येते. बसचंही तेच, बस रिजनलची पण बसलेन करायची तर रस्ता सिटी कौन्सिलचा. जुलै २०१८ मध्ये वेलिंग्टनचे जवळपास सगळे बसरूट एका दिवसात बदलले तेव्हा जो गोंधळ झाला आणि लोक जे भडकले त्यानंतर पहिल्यांदाच बऱ्याच जणांना समजलं की बस ही सिटी कौन्सिल चालवतच नाही. शिव्या मात्र बरेच दिवस चुकीच्या मेयरला पडत राहिल्या.

पण माझा खरा जीव नदीत अडकलाय. हट नदी, माओरी नाव ते आवा काइरांगी, आमच्या शहराच्या मधून जाते आणि दोन्ही बाजूंना मातीचे बांध आहेत ज्यांना इथे स्टॉपबँक म्हणतात. संध्याकाळी त्यावर अर्धं गाव फिरायला येतं, सायकलवाले, पोरं, कुत्री. उन्हाळ्यात पाणी कमी होऊन कोमट झालं की कौन्सिलच्या पाट्या लागतात, टॉक्सिक अल्गी, म्हणजे विषारी शेवाळ, कुत्री सांभाळा. मला आधी वाटलं पाणी हिरवं दिसेल. तसं नसतं. दगडांवर काळपट तपकिरी मखमलीसारखा थर असतो, तो सुटून काठाला लागतो आणि वाळला की फिकट पापुद्रे होतात, कुबट वास येतो. माणसाला तो वास नकोसा, कुत्र्याला मात्र भारी आवडतो, तोंड घालतं, आणि रुपयाच्या नाण्याएवढा तुकडासुद्धा जिवावर बेतू शकतो. या नदीवर कुत्री मेलेली आहेत. म्हणून उन्हाळाभर कौन्सिलची माणसं येऊन नदीच्या तळाचा किती भाग या थराने व्यापलाय ते बघतात. काचेचा तळ असलेलं एक भांडं पाण्यावर टेकवायचं, खाली बघायचं, टक्के लिहायचे, दोन पावलं पुढे. बघताना वाटतं काय बाई हे काम, पण पाटी लावायची की नाही ते त्या आकड्यावर ठरतं.

आणि याच नदीवर मेलिंगजवळ मोठं काम काढलंय. बांध उंच करणार, पात्र रुंद करणार, नवा पूल, रेल्वे स्टेशन सरकवणार. बांध रिजनलचे, पूल आणि हायवे केंद्राच्या रस्ते खात्याचे, गावातले रस्ते सिटीचे, आणि इथल्या मूळच्या माओरी लोकांच्या इवी, म्हणजे जमाती, त्यासुद्धा भागीदार. डिझाइन कशासाठी, तर ४४० वर्षांतून एकदा येईल अशा पुरासाठी. आपल्याकडे पूररेषेत निळी २५ वर्षांची आणि लाल १०० वर्षांची, आणि त्या लाल रेषेच्या आतसुद्धा काय काय उभं आहे ते कोल्हापूर-सांगलीवाल्यांना मी काय सांगू.

रिजनल कौन्सिल म्हणजे देवमाणसं असं मात्र कोणी समजू नका. ऑगस्ट २०१६ मध्ये हॅवलॉक नॉर्थ या गावात नळाच्या पाण्यातून कॅम्पायलोबॅक्टर नावाचा, पोट बिघडवणारा जिवाणू पसरला. मुसळधार पाऊस, मेंढ्यांच्या कुरणातलं घाण पाणी भूजलात, तिथून गावाच्या बोअरमध्ये, आणि पाण्यात क्लोरीन नव्हतं. १४,००० वस्तीतले हजारो लोक आजारी पडले, मृत्यूही झाले. भूजल राखायची जबाबदारी हॉक्स बे रिजनल कौन्सिलची, नळाने पाणी देणारी हेस्टिंग्स डिस्ट्रिक्ट कौन्सिल, आणि चौकशीत दोघींवरही ताशेरे, त्यातला मोठा मुद्दा हा की दोघींचं एकमेकींशी धड बोलणंच नव्हतं. रिजनलने तर डिस्ट्रिक्टवर खटलाही भरला होता, मग मागे घेतला. जाऊ-जाऊंच्या भांडणात पोरं उपाशी, अजून काय.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने आणलेला प्रस्ताव. निवडून दिलेले रिजनल कौन्सिलर्स काढून टाकायचे आणि त्या रिजनमधल्या मेयर मंडळींचं बोर्ड त्यांच्या जागी बसवायचं, मग त्या बोर्डाने दोन वर्षांत पुढची रचना सुचवायची. कारण काय, तर थर कमी, खर्च कमी, आणि तसंही या कौन्सिलर्सना कोण ओळखतं. शेवटचं खरंच आहे, मी स्वतः मत टाकताना पुस्तिकेतले फोटो बघूनच टाकलंय.

तरी मला हे पटत नाही. मेयरला निवडून देतो तो गावातला मतदार, त्याला पाहिजे खड्डे नसलेले रस्ते आणि न वाढलेले रेट्स. वरच्या अंगाला कोणी पाण्यात काय सोडतंय, आणि खालच्या गावासाठी वरच्या गावात बांधावर खर्च करायचा का, असले विषय निघाले की आठ मेयर आठ दिशांना बघणार, हे सांगायला ज्योतिषी नको. ओळख नसलेला का होईना, पण अख्ख्या खोऱ्याच्या नावावर मतं मागणारा एक माणूस तरी होता. शिवाय टौपोच्या मेयरने चारही बोर्डांवर जाऊन बसायचं का? निदान प्रवासभत्ता तरी वाढवा त्यांचा.