रेडिओ लावला तेव्हा

अमेरिकेतल्या फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावरच्या पॅराट्रूपरना, म्हणजे विमानातून पॅराशूटने उडी मारणाऱ्या सैनिकांना, डोक्याला मार लागणं नवं नाही. रात्रीची उडी, अंगावर सामान, वारा जरा फिरला की उतरताना डोकं आपटतं. सीटी स्कॅन बहुतेक वेळा नॉर्मल येतो. मग ड्युटीवर पाठवायचं की नाही? निर्णय डॉक्टरांचा, पण त्यांच्या हाती पुरावा द्यायचं काम आम्हा ऑक्युपेशनल थेरपिस्टांचं; माणसाला त्याची नेहमीची कामं जमतात का, ते आम्ही बघतो.

हा सार्जंट टेबलावरच्या सगळ्या चाचण्यांत पास होता. शब्द लक्षात ठेवणं, आकडे उलटे म्हणणं, सगळं चोख. अमेरिकी सैन्य २००८ पासून तैनातीआधी कॉम्प्युटरवर प्रतिक्रियेचा वेग मोजून ठेवतं. त्याचे जुने आकडेही आताच्या आकड्यांशी जुळले. डोकं दुखतं? "नो, मॅम." चक्कर? "नो, मॅम." उत्तरं जरा जास्तच पटकन आली. तुकडी लवकरच निघणार होती आणि सोबत्यांना सोडून मागे राहणं या मुलांना दुखण्यापेक्षा जड जातं. म्हणून लपवतात. मला त्यांचा कधीच राग येत नाही.

मी त्याला रायफलचं मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, भरायला बसवलं. डमी काडतुसं एकेक दाबून बसवायची, हे काम तो डोळे मिटूनही करेल. नुसतं भरताना हात भराभर चालले. मग रेडिओ लावला. दोन-तीन आवाज, मध्ये खरखर; त्यातून फक्त आपल्या कॉलसाइनचा, म्हणजे रेडिओवरच्या आपल्या नावाचा, निरोप टिपायचा. पहिला निरोप आला आणि हात थांबले. काडतूस अंगठ्याखाली अर्धवट, नजर स्पीकरवर. पुन्हा भरायला लागला तर दुसरा निरोप निसटला. तो आला होता हेही त्याला कळलं नाही.

नंतर धावणं, जमिनीवर लोळण आणि उठून डमी रायफलचा नेम. उठला आणि भिंत धरली.

"हे उडीपासून होतंय?"

बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "येस, मॅम."

शांत खोलीत एका वेळी एकच काम देऊन सैनिकाची परीक्षा होत नाही, हे माझं ठाम मत आहे. गस्तीवर त्याला चालायचं, ऐकायचं, बघायचं सगळं एकदमच असतं, आणि चुकीची किंमत शेजारचाही मोजतो. अहवालात मी गुणांच्या आधी तो निसटलेला निरोप लिहिला. डॉक्टरांनी त्याला थांबवलं. तो चिडला, माझ्यावरही. तरी दुसऱ्या दिवशी तोल आणि नजरेच्या व्यायामाला वेळेआधी आला, आणि डोकं दुखतं का विचारल्यावर कुठे, किती, केव्हापासून ते सगळं सांगितलं.