फोन आत राहिला होता

दुपारची पंगत. वरणभात होऊन श्रीखंड आलेलं. एका गृहस्थांचं डावं मनगट थरथरतं. उजव्या हाताची पाचही बोटं श्रीखंडात, आणि डाव्या मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाला डावं बोट काही पोचत नाही. गृहस्थ क्षणभर थांबतात, मनगट तोंडाजवळ नेतात आणि नाकाच्या शेंड्याने हिरवं बटण दाबतात.

"अहो, जेवलात का? श्रीखंड घेऊ नका हं, परवाच शुगर वाढलेली आलीय." सौभाग्यवतींचा आवाज अख्ख्या पंगतीत घुमतो. वाढपी पातेलं घेऊन पुढे सरकतो.

नाकाने फोन उचलता येतो, कारण त्या काचेला कातडी लागते, मग ती बोटाची असो की नाकाची. नखाने किंवा पेनाच्या टोपणाने काही होत नाही. ओल्या हाताने तर भलतंच होतं. पाण्याचा थेंबही तिला बोटासारखाच वाटतो, म्हणून भांडी घासताना आलेला फोन आपला आपणच कटतो आणि मग "माझा फोन कापलास का गं?" यावर खुलासे करत बसावं लागतं. अलीकडच्या महागड्या घड्याळांत त्याच हाताचा अंगठा नि तर्जनी दोनदा टेकवली की काम होतं. बाकीच्यांना नाक आहेच. फोन नकोच असेल, तर बऱ्याच घड्याळांवर तळहात तीनेक सेकंद झाकून धरायचा. पोपटाच्या पिंजऱ्यावर फडकं टाकल्यासारखं ते गप्प होतं.

दीड-दोन हजारांत मिळणारं 'कॉलिंगवालं' घड्याळ म्हणजे मुळात फोन नव्हेच. खिशातल्या फोनचा माइक आणि स्पीकर तेवढा मनगटावर बांधलेला. दोघांमधली दोरी ब्लूटूथची, मोकळ्यावर दहाएक मीटरची, आणि मध्ये काँक्रीटची भिंत आली की बरीच आखूड. या जोडप्याचं लग्न बहुतेक वेळा दोनदा लावावं लागतं: एकदा घड्याळाच्या ॲपमधून, पावलं, मेसेज वगैरे कारभारासाठी, आणि एकदा फोनच्या ब्लूटूथ यादीतून, आवाजासाठी. दुसरं राहिलं तर नाव झळकतं, मनगट थरथरतं, पण बोलता येत नाही. आणि दुसरं लागलं की नवा घोळ. आपण फोन कानाला लावून हॅलो हॅलो करतोय आणि पलीकडे शुकशुकाट. आवाज गेलेला असतो घड्याळात, घड्याळ काढून ठेवलेलं असतं बेसिनवर, आणि पलीकडचा माणूस बिचारा साबणाशी बोलत असतो. अशा वेळी कॉल न कापता पडद्यावरच्या आवाजाच्या किंवा ब्लूटूथच्या खुणेवर बोट ठेवायचं आणि 'फोन' निवडायचं. रोजचंच झालं असेल तर यादीतली ती दुसरी जोडणी सरळ मोडावी. फारकत घेतली तरी पावलं मोजणं सुरूच राहतं.

घड्याळावर फोन घेतलाच, तर पहिलं वाक्य "स्पीकरवर आहेस हं" हे असावं, हॅलोच्याही आधी. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना "बोल, एकटीच आहेस ना?" हा प्रश्न मनगटातून आला, की पुढचं कोणतंही उत्तर उपयोगाचं नसतं.

पण खरी पंचाईत फोन उचलण्याची नाही, मनगटाकडे बघण्याची आहे. पाहुणे बसलेले असताना घड्याळाकडे बघू नये, हे आपल्याकडे न सांगताच शिकवलं जातं. बघितलं की पाहुणा पायांनी चप्पल चाचपायला लागतो. आता मनगटावर थरथर झाली की मान आपसूक खाली जाते. बघणारा फक्त कुणाचा मेसेज आहे ते बघतो, पण समोरच्याला ऐकू येतं 'आता निघा'. खिशातून फोन काढला तर माणूस निदान "एक मिनिट हं" म्हणतो. घड्याळासाठी तेवढंही म्हणायची पद्धत अजून पडलेली नाही.

घड्याळाकडे बघण्यात पूर्वी केवढा रुबाब होता! मधल्या सुट्टीत मनगटाचा कडकडून चावा घ्यायचा, की दातांच्या ठशांचं गोल घड्याळ उमटायचं. मध्ये बॉलपेनने दोन काटे. किती वाजले? हवे तेवढे. जत्रेतल्या प्लॅस्टिकच्या घड्याळात मात्र वाजलेले असायचे ते कायमचे. मोठ्या माणसांच्या हातात एचएमटी, रोज सकाळी ठरल्या वेळी चावी द्यायची आणि चावी अडली की थांबायचं, जास्त पिळायची नाही. चाव्याचं घड्याळ दहा मिनिटांत विरून जायचं, आणि तेवढ्या दहा मिनिटांत त्यावर कुणाचाही फोन येत नसे.

फोन शेजारी असायचा. लग्नपत्रिकेत नंबराच्या पुढे 'पी. पी.' छापलेलं असे, म्हणजे नंबर शेजाऱ्यांचा, माणसं आमची. काकू खिडकीतून हाक मारायच्या, "मुंबईचा फोन आहे गं, दहा मिनिटांनी परत करणारेत!" मग ती दहा मिनिटं त्यांच्या हॉलमध्ये, विणलेला रुमाल पांघरलेल्या काळ्या फोनकडे बघत बसायचं. चहाही मिळायचा. बोलणं मात्र काकूंच्या देखत, म्हणजे स्पीकरवर असल्यासारखंच.

पुढे मोबाइल आला. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन लावला. २००३ पर्यंत येणाऱ्या फोनलाही पैसे पडायचे, त्यामुळे न उचलणं ही काटकसर होती. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. आणि याच काळात आपल्याकडे सबबींचं पीक आलं. रेंज नव्हती. सायलेंटवर होता. गाडीवर होतो. आणि त्यातली सगळ्यांत सोज्वळ: फोन आत राहिला होता. हिच्यात कुणावर ठपका नाही, कुणाचा अपमान नाही. म्हणणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि तरी दोघांचं बरं चालतं. "आता जेवूनच जा" सारखंच ते.

ही सबब घड्याळाने मारली. मनगट आत ठेवून बाहेर येता येत नाही. ई-सिमवाल्या, म्हणजे पोटात स्वतःचं सिम असलेल्या घड्याळाने तर 'फोन घरी विसरलो'लाही जागा ठेवली नाही. त्याला फोनचाच नंबर लागतो आणि फोन घरी असला तरी ते वाजतं. फक्त फोनपासून दूर असताना त्याची बॅटरी भराभर उतरते, रेंज कमी असेल तिथे तर फारच. त्यामुळे 'बॅटरी गेली' एवढी एक सबब अजून जिवंत आहे.

आणखीही एक फट आहे. व्हॉट्सॲपने २०१४ च्या नोव्हेंबरात निळ्या टिका आणल्या आणि वाचून न वाचल्यासारखं करणं अवघड झालं. पण घड्याळावर नुसतं नोटिफिकेशन म्हणून वाचलेल्या मेसेजला निळी टिक लागत नाही. सगळं वाचून झालेलं असतं आणि तिकडे दोन करड्या टिका शांत उभ्या असतात. मला विचाराल तर पावलं, झोप, नाडी हे सगळं राहू द्या, घड्याळाची खरी सोय ही आहे.

ज्यांना एवढा कावेबाजपणा जमत नाही त्यांनी घड्याळाच्या ॲपमधल्या नोटिफिकेशनच्या यादीत जाऊन आधी सगळं बंद करावं आणि मग फोन, एसएमएस, बँक असं मोजून तीन-चारच चालू करावं. एकेक नकोसं बंद करत बसलं तर दर नव्या ॲपबरोबर गळती पुन्हा सुरू होते. फॅमिली ग्रुप फोनवरूनच म्यूट करावा. तिथे आठ तास, एक आठवडा आणि कायमचं असे तीन पर्याय असतात. कुणाला कळत नाही. आणि एवढं करूनही रिकामं मनगट अधूनमधून थरथरल्याचा भास होईलच. घड्याळं यायच्या आधीपासूनचा आहे तो. अमेरिकेतल्या एका रुग्णालयाने पेजर आणि मोबाइल बाळगणाऱ्या कर्मचाऱ्यांना याबद्दल विचारलं होतं, ते २०१० मध्ये छापून आलं. १६९ पैकी ११५ जणांना ही भुताटकी ठाऊक होती.

पुण्यात एकट्या राहणाऱ्या आईच्या हातात न्यू जर्सीतला मुलगा मात्र घड्याळ बांधतो ते वेगळ्याच कारणासाठी. चांगल्या घड्याळांना पडणं कळतं. जोरात पडल्यावर माणूस मिनिटभर हलला नाही, की ते आपणहून मदतीला फोन लावतं आणि नेमून दिलेल्या माणसांना कळवतं. फक्त ते हातात हवं. मुलानेच बजावलेलं असतं, "आई, अंघोळीच्या वेळी चार्जिंगला लावत जा, म्हणजे दिवसभर पुरेल." सल्ला चुकीचा नाही, सगळेच तो देतात. शिवाय साबणाचं पाणी घड्याळाच्या रबरी सीलला चांगलं नसतं. आणि अंघोळीआधी घड्याळ काढून ठेवायची आईची सवय तर पन्नास वर्षांची. तेव्हा घसरण्याची भीती सगळ्यांत जास्त ज्या ओल्या फरशीवर, तिथे ती रिकाम्या मनगटाने जाते.

पुण्यात सकाळचे आठ, न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेदहा. मुलगा फोन लावतो. उचलत नाही. एरवी तो मनात म्हणाला असता, फोन आत राहिला असेल. पण आता घड्याळ आहे ना हातात! पुन्हा लावतो. घड्याळ पलंगाशेजारी चार्जरवर थरथरत जरासं सरकतं. तिसऱ्यांदाही वाजून वाजून बंद पडल्यावर तो शेजारच्या काकूंचा नंबर शोधतो.

"काकू, आई फोन उचलत नाहीये. जरा दार वाजवून बघता का?"

काकू कढईखालचा गॅस बंद करतात, किल्ली घेतात आणि पायात चपला सरकवतात.