प्रोस्टेटच्या दोन गोळ्या आणि आमचं कालनिर्णय

आमच्याकडे कालनिर्णयवर दुधाचा हिशेब ही लिहिते. दीड वर्षापासून त्याच चौकोनात खाली माझाही एक आकडा असतो : रात्री लघवीला किती वेळा उठलो. सुरुवातीला ४, कधी ५. धार बारीक, थांबून थांबून. येऊन आडवं पडलं की वाटायचं, अजून बाकी आहे.

सोनोग्राफीत प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढून ५४ सीसीची झालेली निघाली. डॉक्टरांनी ७ प्रश्नांचा कागद भरून घेतला. ३५ पैकी माझे १८ आले, म्हणजे त्रास मध्यम.

पहिली गोळी टॅमसुलोसिन, ०.४ मिलिग्रॅम, रात्री जेवणानंतर. आठवड्याच्या आत ४ चे २ झाले. प्रोस्टेटमधले आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू ती सैल करते, म्हणून वाट लगेच मोकळी होते. पण प्रोस्टेट तेवढीच राहते. एका पहाटे पलंगावरून झटक्यात उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली; दाराची चौकट हाताला लागली म्हणून वाचलो. आता पाय खाली सोडून मिनिटभर बसतो, मगच उठतो. या गोळीने काहींचं वीर्य बाहेर येत नाही, याच जातीच्या सिलोडोसिनने तर जास्तच. हे कोणी बोलत नाही आणि घाबरून गोळी सोडतात, म्हणून लिहितोय.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी डुटास्टेराइड जोडली आणि इथे माझं चुकलं. दोन महिने घेतली, आकडा २ चा २ च. पैसे वाया जातायत असं वाटून परस्पर बंद केली. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं, प्रोस्टेट त्याच्यावर पोसते. ही गोळी ते बनणंच रोखते. प्रोस्टेट आकसायला सहा महिने तरी द्यावे लागतात. पहिल्या गोळीच्या वेगाने दुसरी मोजायची नाही, हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं.

घरी येऊन मी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एमटॉप्स या प्रोस्टेटच्या गोळ्यांवरच्या अभ्यासाबद्दल वाचलं. ३,०४७ पुरुष, सरासरी साडेचार वर्षं. त्यात याच दोन जातींच्या गोळ्या होत्या, डॉक्साझोसिन आणि फिनास्टेराइड. आजार वाढण्याचा धोका पहिलीने ३९ टक्के, दुसरीने ३४ टक्के आणि दोन्ही मिळून ६६ टक्के कमी झाला. मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं : लघवी तुंबून नळी घालायची किंवा ऑपरेशनची वेळ येणं एकट्या डॉक्साझोसिनने विशेष टळलं नाही, फिनास्टेराइडने टळलं. माझ्या वडिलांना अशी नळी घातलेली मी पाहिली आहे. दुसऱ्या दिवशीच गोळी पुन्हा सुरू केली. प्रोस्टेट लहान असेल तर मात्र हिचा फारसा उपयोग नाही; तिथे पहिलीच पुरते.

आठ महिन्यांनी आकडा १ वर आला. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठी रक्तात तपासतात तो आकडा, ३.२ वरून १.६ झाला तेव्हा मी खूश झालो होतो. पण ही गोळी पीएसए साधारण निम्मा दाखवते, म्हणून डॉक्टर तो दुप्पट धरूनच वाचतात. नव्या डॉक्टरकडे गेलात तर हे आठवणीने सांगा.

पुढच्या महिन्यात माझा मोतीबिंदू काढायचा आहे. टॅमसुलोसिनमुळे ऑपरेशनच्या वेळी डोळ्याच्या बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा (आयरिस) ढिला पडू शकतो. गोळी बंद करून भागत नाही, पण सर्जनला आधी कळलं तर ते तयारीने उतरतात. दोन्ही गोळ्यांची नावं चिठ्ठीवर लिहून हिने फाइलच्या पहिल्या पानाला टाचली आहेत.