नर्स हे आडनाव होतं, आजी

गेली सहा वर्षं मी सेलममध्ये गाइडचं काम करते. बॉस्टनच्या उत्तरेला लोकलने अर्ध्या तासावरचं हे बंदराचं गाव. १६९२ साली इथे चेटुकाच्या आरोपावरून एकोणीस जणांना फासावर लटकवलं, ऐंशीच्या घरातल्या एका म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारलं आणि निदान पाच जण कोठडीतच मेले. माझी टूर दीड तासाची असते. ती इतकी तोंडपाठ आहे की कुठे थांबायचं, कुठे लोक हसतात, कुठे कोण विचारणार "इथे जाळायचे ना त्यांना?", सगळं मला माहीत असतं. (नाही. इथे कुणालाही जाळलं नाही. इंग्रजी कायद्यात चेटुकाला फाशी होती.)

आमच्या भागात उन्हाळा म्हणजे आई-बाबांचा हंगाम. सहा महिन्यांसाठी आलेले असतात, मुलं-सुना कामावर, नातवंडं कॅम्पला, मग शनिवारी कुठे न्यायचं यांना? गेल्या जुलैत एका ओळखीच्याने विचारलं, चौदा जणांचा ग्रुप आहे, मराठीतून टूर करशील का? मी पटकन हो म्हटलं. मराठीच तर आहे, त्यात काय!

आदल्या रात्री वही घेऊन बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. विच म्हणजे काय लिहू? चेटकीण म्हटलं की लहान मुलांच्या गोष्टीतली वाकड्या नाकाची डोळ्यांसमोर येते. हडळ तर मेलेली बाई. डाकीण त्यातल्या त्यात जवळची, कारण सातपुड्याकडेही डाकीण म्हणून बोट दाखवतात ते गावातल्याच जित्या बाईकडे, आणि दाखवणारे शेजारीच असतात. पण त्या शब्दात करार नाही, आणि इथला सगळा गुन्हा करारात होता. मॅसॅच्युसेट्सच्या १६४१ च्या कायद्यात कलम एवढंच, की कुणी स्त्री वा पुरुष चेटूक करणारा असेल, म्हणजे सैतानी आत्म्याशी संधान बांधून असेल, तर देहान्त. कुणाचं काय बिघडवलं हे त्यात विचारलेलंच नाही. सैतान वही घेऊन येतो, तुम्ही तीत सही करता, आणि देवाशी केलेला करार मोडून त्याच्या पक्षाला जाता. हा राजद्रोहासारखा मामला. आपल्याकडे करणी करणारी बाई कुणाशी लेखी करार करत नाही हो! शेवटी 'चेटकीण' लिहिलं आणि पुढे कंसात 'समजावून सांगणे' असं लिहून झोपले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चार्टर स्ट्रीटच्या जुन्या कबरस्तानाशी सगळे जमले. ऊन मरणाचं. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, पाचवारीखाली पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. मी कमरेचा छोटा स्पीकर चालू केला, तो दोनदा खरखरला आणि बंद पडला. रात्री चार्जिंगला लावायचा राहिला होता. चूक माझीच. मग काय, घसा ताणून सुरुवात केली.

अठ्ठ्याहत्तरच्या एक आजी पहिल्यापासून माझ्या अगदी पुढ्यात उभ्या होत्या. एका कानात यंत्र. "वारा असला की ते नुसतं घूं घूं करतं," त्यांचा मुलगा म्हणाला. पण आजी प्रत्येक वाक्याला प्रसन्न हसून मान हलवत होत्या. गाइडला असा एक चेहरा मिळाला की काम सोपं होतं. आपोआप मी त्यांच्याकडे बघूनच बोलायला लागले.

कबरस्तान १६३७ चं. दगडांवर पंख असलेल्या कवट्या कोरलेल्या आहेत. इथे वसलेल्या कडव्या प्रोटेस्टंट लोकांना, म्हणजे प्युरिटनांना, देवळात मूर्ती चालत नसे, चित्र चालत नसे, क्रूससुद्धा नको, पण मरणाची आठवण मात्र पावलोपावली हवी. नाताळ पाळला तर १६५९ पासून पाच शिलिंग दंड होता, तो १६८१ पर्यंत कायद्यात राहिला. "नाताळ? ख्रिश्चन असून?" एका काकांना ते काही केल्या पटेना. बायबलात तारीख दिलेली नाही, तर मग हा सण माणसांनी घुसडलेला, असा त्यांचा हिशेब, मी सांगितलं. काका म्हणाले, "आर्यसमाजी दिसतायत." सगळे हसले. इंग्रजी टूरला हा विनोद कधी झाला नसता.

मग मी त्यांच्या श्रद्धेच्या गाभ्याकडे वळले: कोण तरणार आणि कोण नरकात जाणार हे देवाने जग निर्माण करण्याआधीच ठरवून टाकलंय. तेच काका लगेच म्हणाले, "म्हणजे प्रारब्ध!" हो म्हणून पुढे गेले असते तर सुटले असते. पण तोंडातून निघून गेलं, "नाही हो काका." प्रारब्धाला मागचा जन्म असतो, तुमचं तुम्हीच कमावलेलं असतं. इथे कमावण्याचा प्रश्नच नाही. कितीही पुण्य करा, निवड बदलत नाही. आपण निवडलेल्यांत आहोत का, याच्या खुणा फक्त शोधत बसायच्या. मन रोज कुरतडून बघायचं. आणि अशा घरात गाय मेली, मूल तापाने फणफणलं, तर तो योगायोग नसतो. देव काहीतरी सांगतोय, नाहीतर सैतान काहीतरी करतोय. ताक घुसळून लोणी येत नसेल तरी शेजारणीवर संशय, मग घुसळणीत तापलेली सळई बुडवायची.

लोण्यावर बायका एकदम जाग्या झाल्या. "आमच्याकडे मिरच्या ओवाळतात," एक म्हणाल्या. त्यांना मी राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या भाकरीची गोष्ट सांगितली. १६९२ च्या सुरुवातीला सेलम व्हिलेजच्या पाद्र्याच्या, सॅम्युअल पॅरिसच्या घरात त्याची नऊ वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांची भाची किंचाळायला, अंग पिळायला लागल्या. शेजारीण मेरी सिबली हिने युक्ती काढली, की मुलींची लघवी पिठात मिसळून भाकरी भाजायची आणि कुत्र्याला घालायची. "उतारा!" तिघी एका सुरात. अगदी बरोबर, आणि तसा शब्द मला इंग्रजीत सहा वर्षांत सापडला नव्हता. पाद्री भडकला तोही त्यासाठीच. सैतानाविरुद्ध सैतानाचीच मदत घेता? त्याने सिबलीबाईला भर सभेत चूक कबूल करायला लावली. प्युरिटन धर्म आणि घराघरातला उतारा एकाच चुलीपाशी नांदत होते, हे मी इतकी वर्षं चार मिनिटं खर्चून समजावते. इथे एका शब्दात काम झालं.

ती भाकरी भाजणाऱ्यांत पॅरिसची गुलाम तितुबा होती. कागदोपत्री तिला 'इंडियन' म्हटलंय. "आपली का?" हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं, आणि नावही असं, विठोबा-तुकोबाच्या पंगतीत बसेल असं! आपली नव्हे, अमेरिकेतल्या मूळ लोकांना इंडियन म्हणत, त्या अर्थाने. पॅरिस पूर्वी बार्बाडोसला होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तितुबाने कबुलीजबाब दिला: काळ्या कपड्यांतला उंच माणूस, पिवळा पक्षी, लाल मांजर, आणि सैतानाच्या वहीत नऊ खुणा. पकडलेल्या बायका तीन. मग उरलेल्या खुणा कुणाच्या? गावाला झोप कशी लागणार?

आणि इथे ती उलटी गंमत, जी सांगताना मला अजूनही चीड येते. कबूल करणारे वाचले. पन्नासहून अधिक जणांनी कबुली दिली, आणि कबुलीवर ठाम राहिलेल्या एकालाही त्या वर्षी फाशी झाली नाही. मी खोटं बोलणार नाही म्हणणारे गेले. तितुबाही वाचली, पण वर्षाहून जास्त काळ तुरुंगात, कारण कैद्याने खाण्याचे, बेड्यांचे पैसे भरल्याशिवाय सुटका नसे. पॅरिसने ते भरले नाहीत. शेवटी दुसऱ्या कुणीतरी पैसे भरून तिला विकत घेतलं.

कबरस्तानाला लागूनच १९९२ साली उभारलेलं स्मारक आहे. तीन बाजूंनी दगडी भिंत, भिंतीतून पुढे आलेली वीस ग्रॅनाइटची आसनं, प्रत्येकावर एक नाव, मरणाची रीत आणि तारीख. आत शिरताना पायाखालच्या दगडांवर त्या माणसांची कोर्टातली वाक्यं कोरली आहेत, 'मी निरपराध आहे' अशा धर्तीची, आणि ती मधेच भिंतीखाली जाऊन तुटतात. आसनांवर लोक बसतात, आइस्क्रीम खातात. पूर्वी मी टोकायचे. आता सोडून दिलंय.

सारा गुडच्या आसनापाशी मी तिचे शेवटचे शब्द सांगितले. फासाखाली पाद्री निकोलस नॉइस तिला म्हणाला, कबूल कर, तू चेटकीण आहेस. ती उत्तरली, तू जितका चेटक्या तितकीच मी चेटकीण, माझा जीव घेतलास तर देव तुला रक्त प्यायला लावील. "तळतळाट लागतोच," मागून आवाज आला. पुढे नॉइस तोंडातून रक्त येऊन मेला असं इथले लोक सांगतात, तेही मी सांगून टाकलं. एरवी मी ते गाळते. साराच्या चार-पाच वर्षांच्या डोरोथीला साखळदंड घालून आठ महिने कोंडलं होतं, हे मात्र पुरतं बोलता आलं नाही. समोर सगळे नातवंडांचे फोटो खिशात घेऊन फिरणारे.

पुढचं आसन रेबेका नर्सचं होतं. आजी तोवर थकल्या होत्या. त्या सरळ त्यावरच बसल्या आणि मला म्हणाल्या, "नर्स होत्या का? कुठल्या दवाखान्यात?"

हशा झाला. मुलगा ओशाळला. मी वाकून मोठ्याने म्हटलं, "नर्स हे आडनाव होतं, आजी." त्या हसल्या, मान हलवली. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की सव्वा तास या बाईला माझं काहीही ऐकू आलेलं नाही.

आता पुढची गोष्ट सांगायची तर मी त्यांच्या यंत्र नसलेल्या कानाशी गेले ("हा बरा आहे," त्यांनीच बोट दाखवलं) आणि गुडघ्यावर बसून सांगितली. बाकीचे भोवती गोळा झाले.

रेबेका एकाहत्तर वर्षांची. आठ मुलांची आई, चर्चची मानलेली सभासद. तिच्या चांगुलपणाची ग्वाही देणाऱ्या अर्जावर एकोणचाळीस शेजाऱ्यांनी सह्या केल्या. तिच्याविरुद्ध पुरावा काय, तर तिची आकृती रात्री येऊन चिमटे काढते, गळा दाबते, असं मुली सांगत. ती आकृती मुलींखेरीज कुणाला दिसत नसे. ज्युरीने तिला निर्दोष ठरवलं. ठरवलं, आणि कोर्टात मुलींनी आकांत मांडला. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन ज्युरीला म्हणाला, तिच्या त्या एका वाक्याचा विचार केलात का? कबुली देऊन साक्षीला आलेल्या डेलिव्हरन्स हॉब्जला पाहून रेबेका म्हणाली होती, की ही कशी माझ्याविरुद्ध बोलते, ही तर आमच्यातली. आमच्यातली म्हणजे कैदेतली. कोर्टाने अर्थ घेतला, चेटकिणींतली. ज्युरीने परत येऊन तिला विचारलं, बाई, याचा अर्थ काय?

ती काही बोलली नाही.

तिला प्रश्न ऐकूच आला नव्हता. नंतर तिने लिहून कळवलं, मला कमी ऐकू येतं, मन दुःखाने भरलेलं होतं, आणि माझे शब्द कोर्टाने कसे घेतले हे मला कुणी सांगितलं नाही. तोवर निकाल फिरला होता. गव्हर्नरने माफी दिली आणि ओरड झाल्यावर मागे घेतली. तिच्याच चर्चने तिला सभेत आणून सर्वानुमते बहिष्कृत केलं. ते त्यांनी पुसलं १७१२ साली.

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी पण असंच करते."

"काय, आजी?"

"ऐकू नाही आलं की हसते आणि मान हलवते. किती वेळा परत विचारायचं? सून वैतागते, दुकानातली मुलगी वैतागते. मग हो म्हणून टाकते. मघापासून तुझ्याकडे बघून मान हलवतेय ना, तशीच." त्यांनी पदराने कपाळ टिपलं. "मला फाशीचं विचारलं असतं तरी हो म्हणाले असते बघ."

कुणी हसलं नाही. त्यांचा मुलगा पायाखालच्या दगडांकडे बघत होता.

त्यांनी आसनावरून हात फिरवला आणि काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगितलं. मी कानाशी वाचलं: रेबेका नर्स, फाशी, १९ जुलै १६९२. "आज काय तारीख?" त्यांनी विचारलं. बारा, मी म्हटलं. "पुरलं कुठे?" घरच्यांनी रात्री गुपचूप प्रेत आणून आपल्या शेतात पुरलं असं सांगतात, ते घर इथून जवळच, डॅन्व्हर्सला अजून उभं आहे. आजींनी यंत्र कानातून काढून पर्समध्ये ठेवलं.

टूरचा वेळ केव्हाच संपला होता. लोक पाण्याच्या बाटल्या आवरायला लागले, कुणीतरी जेवायचं कुठे ते विचारत होतं. "आई, चल, गाडी लांब लावलीय," मुलगा म्हणाला.

आजींनी त्याच्याकडे बघून छान हसून मान हलवली, आणि बसून राहिल्या.